जपानची सुट्टी: न मागवलेली वाटी
तर मंडळी, गोल्डन वीकमध्ये, म्हणजे ३ ते ५ मेच्या सलग सुट्ट्यांत, टोकियोला जाताय? मग ऐका. बऱ्याच इझाकायांत बसल्या बसल्या न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते. फुकट नाही हं ती! तिला ओतोशी म्हणतात. साधारण ३०० ते ५०० येन, माणशी. बसायचे पैसेच समजा. टिप मात्र द्यायची नाही.

मी तर रात्रीचं जेवण देपाचिकातून घेते. म्हणजे डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातला खाऊबाजार. दुकान बंद होत आलं की डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात. शिवाय पार्सलवर कर ८ टक्के, तिथेच बसून खाल्लंत तर १०.

आणि शाकाहारींनो, मिसो सूप साधं दिसतं, पण त्यात बहुतेकदा माशाचा दाशी असतो. आधी विचारा, मग वाटी उचला.