तीन त्सिमर म्हणजे थ्री बीएचके नव्हे

चिंचवडच्या एका जोडप्यानं मला घराची जाहिरात पाठवली. 3 त्सिमर, 78 चौरस मीटर, गाव ब्योब्लिंगेन. खाली लिहिलं होतं, "दादा, थ्री बीएचके मिळतोय. आईबाबा आले तरी प्रश्न नाही." फोन करून मला तो फुगा फोडावा लागला. जर्मनीत खोल्या (त्सिमर) मोजताना हॉलही खोलीच धरतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजतच नाहीत. म्हणजे हा आपला टू बीएचके. 78 चौरस मीटर म्हणजे साधारण 840 चौरस फूट, आणि तो मात्र खराखुरा कार्पेट. बाल्कनीचा सहसा चौथा हिस्साच धरतात. पोटमाळ्याच्या घरात तिरप्या छताखाली उंची एक मीटरपेक्षा कमी असेल तेवढी जागा हिशेबातच येत नाही, एक ते दोन मीटर असेल तर निम्मी येते.

"आणि किचनचा फोटो का नाही?" वहिनींनी मागून विचारलं.

कारण किचन नव्हतंच. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या वतीनं घर बघून आलो. भिंतीतून टोपण लावलेले दोन पाइप बाहेर आलेले, शेगडीसाठीची जाडजूड वायर लोंबकळत असलेली, आणि टाइल्सवर जुन्या कपाटांच्या कडांचे पिवळट डाग. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी हे इथे बरेचदा भाडेकरूचं असतं. तो जाताना उचलून नेतो, नाहीतर नव्या भाडेकरूला विकतो.

हे गैरसमज एका फोनमध्ये निस्तरतात. काही मात्र वर्ष-दोन वर्षं खातात. बारा वर्षं स्टुटगार्टच्या आसपास राहून माझं मत असं झालंय, की आपली माणसं शहर निवडण्यात डोकं खपवतात आणि राज्य कोणतं व पत्ता कोणता याकडे बघत नाहीत. पोरंबाळं घेऊन येणाऱ्याचं आयुष्य मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतं.

"जर्मनी सगळीकडे सारखीच"

प्राप्तिकर, व्हिसाचे नियम, बालभत्ता हे सगळीकडे सारखं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या कामाच्या परवान्यावर असाल, तर जर्मन ए1 पातळीपर्यंत येत असल्यास 27 महिन्यांत आणि बी1 असल्यास 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, मग तुम्ही हॅम्बुर्गमध्ये राहा नाहीतर एखाद्या खेड्यात. पण शाळा हा 16 राज्यांपैकी प्रत्येकाचा आपापला विषय आहे, आणि फरक किरकोळ नाहीत.

बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाकडे थेट नेणारी ती गिम्नासियुम, मधली ती रेआलशूले, शिवाय राज्यागणिक आणखी प्रकार. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तरच गिम्नासियुमचा दरवाजा सरळ उघडतो. (इथे 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे नापास, आजोबांना निकाल सांगताना हे आधी सांगावं.) बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, अलीकडे शिक्षकांचं मत, एक लेखी चाचणी आणि पालकांची इच्छा या तिन्हींपैकी दोन गोष्टी गिम्नासियुमच्या बाजूनं लागतात, नसतील तर आणखी एक परीक्षा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा मुळातच सहावीपर्यंत आहे.

आता तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, पुण्यात इंग्रजी माध्यमात चौथीत शिकतेय आणि जर्मनचा एक शब्द तिला येत नाही असं धरा. म्युनिकमध्ये तिच्याकडे जेमतेम काही महिने. बर्लिनमध्ये दोन वर्षं जास्त. मूल तीन वर्षांचं असेल तर हा फरक विसरा, ते बालवाडीतच भाषा उचलेल आणि वर्षभरात तुमचे उच्चार सुधारायला लागेल. नऊ ते बारा या वयाची मुलं घेऊन येणाऱ्यांनी मात्र पगाराच्या आकड्याआधी राज्याचा शाळा कायदा बघावा.

याच गैरसमजाचं दुसरं टोकही ऐकू येतं: "दहाव्या वर्षी गिम्नासियुम नाही मिळालं की पोराचं करिअर संपलं." असं नाही. रेआलशूले चांगल्या गुणांनी करून पुढे व्यावसायिक गिम्नासियुममधून विद्यापीठात जाणारी मुलं बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ढिगानं आहेत. रस्ता थोडा लांबचा, एवढंच. "गणपतीत मंडळात काय सांगायचं" ही अडचण आई-बापांची असते, मुलांची नसते.

"जमलं नाही तर घरीच शिकवू"

जमणार नाही. शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवण्याला परवानगी नाही. इंटरनॅशनल स्कूलचा पर्याय आहे, पण बहुतेकांची फी वर्षाला हजारो युरोंच्या घरात जाते आणि दोन मुलं असतील तर बापाचा पगार तिथेच संपतो. बर्लिनमध्ये काही द्विभाषिक सरकारी शाळा आहेत, त्यांत प्रवेश मिळवणं हे वेगळंच दिव्य. नव्यानं आलेल्या मुलांसाठी सरकारी शाळांमध्ये भाषेचे खास वर्ग असतात. राज्यागणिक नाव बदलतं, कुठे स्वागतवर्ग, कुठे तयारीवर्ग, आणि दर्जा शाळेगणिक बदलतो. म्हणून गाव पक्कं करण्याआधी तिथल्या शाळेला थेट ईमेल करून विचारावं, की असा वर्ग आहे का आणि त्यात किती मुलं आहेत.

"आधी कुठेही उतरू, मग सावकाश शोधू"

यात निम्मं शहाणपण आहे. पुण्यात बसून, घर न बघता पैसे पाठवणं त्याहून वाईट. "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ली कुरियरनं येईल" असं म्हणणारा घरमालक घरमालक नसतो. डिपॉझिटही कायद्यानं कोरड्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तुम्हाला ते तीन हप्त्यांत भरता येतं. कोरडं भाडं, म्हणजे काल्टमीटे, हे नुसत्या जागेचं. हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई धरून होतं ते वार्ममीटे, उबदार भाडं. घरातली वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही वर. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा हा कोरडा असतो.

म्हणून आधी तात्पुरतं फर्निचरवालं घर घ्यावं हे बरोबर. पण "कुठेही" नव्हे. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. सुट्टीतल्या पर्यटकांना दिली जाणारी घरं बऱ्याचदा हा कागद देत नाहीत. नोंद नाही म्हणजे कर क्रमांक लांबला, तो लांबला की पगारातून जास्तीचा कर कापला जाण्याची वेळ येते, आणि बँक खात्यापासून सगळ्याला फाटे फुटतात. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे हिंदू लिहिलं तर चर्च कर लागतो ही वावडी दर वर्षी नव्यानं उठते. तो कर फक्त करवसुलीचा अधिकार असलेल्या चर्च वगैरे संस्थांच्या सभासदांना लागतो.

तात्पुरत्या घराचा खरा फटका मुलांना बसतो. बायर्न, बाडेन-व्युर्टेम्बर्गसारख्या राज्यांत सरकारी प्राथमिक शाळा तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरते. रस्त्याची एक बाजू एका शाळेची, समोरची दुसरीची. तीन महिन्यांनी घर बदललंत की शाळा बदलली, जेमतेम जमलेली मैत्रीण गेली. एका कुटुंबाचा मुलगा पहिल्या वर्षात तिसऱ्या शाळेत जाताना मी बघितलाय; तो कुणाशीही, मराठीतसुद्धा, बोलेनासा झाला होता. त्यामुळे दोनच वाटा उरतात. एक तर कमावणाऱ्यानं एकट्यानं आधी यावं आणि घर मिळाल्यावर बाकीच्यांना बोलवावं. नाहीतर तात्पुरतं घर त्याच वस्तीत घ्यावं जिथे पुढे राहायचंय.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची सवय इथे दगा देते. इथला भाडेकरार सहसा बेमुदत असतो आणि घरमालकाला मनात आलं म्हणून तुम्हाला काढता येत नाही. तुम्ही तीन महिन्यांची नोटीस देऊन सोडू शकता, पण काही करारांत ठरावीक काळ नोटीस द्यायचीच नाही असं कलम असतं, आणि ते चार वर्षांपर्यंतचं असू शकतं. सही करण्याआधी ते कलम शोधा.

"जर्मनीत नोकरी म्हणजे बर्लिन, नाहीतर म्युनिक"

हे खरं नाही, हे चाकणच्या लोकांना सांगायला नको. फोक्सवागनचं मुख्यालय वोल्फ्सबुर्गमध्ये, ऑडीचं इंगोलश्टाटमध्ये, एसएपीचं वालडोर्फमध्ये, आणि मर्सिडीजचा मोठा कारखाना झिंडेलफिंगेनमध्ये. ही गावं पुण्याच्या एखाद्या उपनगरात मावतील. म्युनिकला पगार थोडा जास्त असतो खरा, पण नव्या कराराचं कोरडं भाडं तिथे चौरस मीटरला 20 युरोंच्या पुढे आहे. वरच्या 78 चौरस मीटरच्या घराला किमान 1,560 युरो, तेही ओट्याशिवाय. चेम्निट्झमध्ये याच्या निम्म्याहून कमी.

"मग लांब उपनगरात राहू" हाही उतारा नेहमी चालत नाही. म्युनिकजवळचा, तळ्याकाठचा श्टार्नबेर्ग भाग तर देशातल्या सर्वांत महागड्या भागांत मोडतो. लोकल आणि प्रादेशिक गाड्यांसाठी देशभर चालणारा पास आहे, 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झाला आणि 2026 पासून 63 युरोंना झाला, पण वेगवान आयसीई गाड्यांत तो चालत नाही. लांबच्या गावातून रोज ये-जा करण्याचा हिशेब या एका अटीवर कोलमडतो.

त्याहून मोठा हिशेब जोडीदाराचा, आणि तो कुणी मांडत नाही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला काम करायला पूर्ण मोकळीक असते, पण कागदावरच्या परवानगीनं नोकरी मिळत नाही. गाव ठरतं नवऱ्याच्या कंपनीवरून आणि आर्किटेक्ट नाहीतर डेंटिस्ट असलेली बायको तिथल्या एकुलत्या एका सुपरमार्केटच्या वेळा पाठ करत बसते. डॉक्टर, डेंटिस्ट यांच्या पदवीची मान्यताही राज्याच्या कार्यालयाकडून, आणि त्यासाठी जर्मन चांगलीच लागते. मॅक्स म्युलर भवनात ए1 करून विमानात बसलेल्यांना हे इथे आल्यावर कळतं. इंग्रजीवर बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये निभेल, पण पालकसभेत, बालरोगतज्ज्ञाच्या रिसेप्शनवर आणि घर दाखवायला आलेल्या आजीबाईंपुढे निभत नाही.

"पूर्वेकडे चुकूनही जाऊ नका"

हा सल्ला देणाऱ्यांची भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी हा पक्ष बर्लिन सोडून पूर्वेकडच्या पाचही राज्यांत पहिला आला. संध्याकाळच्या रिकाम्या स्टेशनवर आपल्या माणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे. पण लाइपझिग किंवा येनासारखं विद्यापीठाचं शहर आणि सीमेजवळचं ओस पडत चाललेलं गाव एका मापानं मोजू नये.

आणि एका बाबतीत पूर्व सरळ पुढे आहे. साम्यवादी राजवटीत आया कामाला जायच्या, त्यामुळे पाळणाघरांची आणि शाळेनंतरच्या सांभाळाची घडी तिथे जुनी आहे. तीन वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं पूर्वेत पाळणाघरात जातात, पश्चिमेत जवळपास एक तृतीयांश. मूल एक वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क देशभर 2013 पासून कायद्यात आहे, पण हक्क हातात असूनही वर्षभर वाट बघणारी घरं पश्चिमेत कितीतरी. खर्चही राज्यागणिक वेगळा: बर्लिनमध्ये ऑगस्ट 2018 पासून पाळणाघराची फी नाही, पालक जेवणाचे पैसे भरतात, आमच्याकडे नगरपालिका किंवा संस्था ठरवेल ती फी, आणि महिन्याला काहीशे युरो सहज जातात. दोघांना नोकरी करायची असेल तर भाड्याच्या शेजारी हाही आकडा लिहा.

"मराठी मंडळ आहे तिथेच घर घेऊ"

स्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गचा महाराष्ट्राशी 2015 पासून भागीदारीचा करार. त्यामुळे इथे आपली माणसं भरपूर. दिवाळी पहाट, गणपती, पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी आणून दिलेला जुना स्नोसूट, याचं मोल मी कमी करत नाही. पण मंडळ वर्षात पाच-सहा वेळा भेटतं आणि शाळा रोज भरते. गाडीनं तासाभराच्या अंतरावर मंडळ असलं तरी चालतं.

चिंचवडच्या जोडप्यानं शेवटी ब्योब्लिंगेनचंच घर घेतलं, पण लगेच नाही. तो आधी एकटा आला. नोव्हेंबरातल्या एका सकाळी सव्वासातला, अजून अंधार असताना, त्या घरापासून शाळेपर्यंत चालत गेला, कारण इथे पहिली-दुसरीतली पोरंही दप्तरं अडकवून आपापली चालत जातात. वाटेत एक मोठा रस्ता, त्यावर सिग्नल, पुढे बेकरी, मग शाळेचं फाटक. तेरा मिनिटं. येताना त्याच बेकरीत त्यानं वहिनींना व्हिडिओ कॉल लावला आणि पहिला प्रश्न आला तो ओट्याचाच. आधीच्या भाडेकरूनं किचन विकायला काढलं होतं, आठशे युरो सांगत होता. "सहाशेला मागा," वहिनी म्हणाल्या, "आणि ओट्याची उंची मोजा, मी पाच फूट एक आहे."