दातातला गर आणि त्याचे वजन

अनुवादाच्या तासाला एका विद्यार्थिनीने दंतशास्त्रातला उतारा आणला होता. त्यातल्या 'पल्प'साठी तिने 'दंतमज्जा' लिहिले होते. मी खोडले नाही, पण शंका राहिली. मज्जा म्हटले की अस्थिमज्जा आठवते. तिथे रक्तपेशी तयार होतात. दातात तसे काही घडत नाही. रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि पेशी असलेली ती मऊ संयोजी ऊती. मला साधा 'गर' बरा वाटतो. इंग्रजीतही फळाच्या गराला हाच शब्द आहे.

हा गर एका दातात सरासरी ०.०२ घन सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या थेंबाहूनही कमी. दात सरळ करण्याच्या उपचारात काढलेल्या उपदाढा किंवा अक्कलदाढा यासाठी वापरतात. दाताला बाहेरून खाच पाडून तो दुभंगायचा आणि गर अलगद उचलायचा. खाच पाडताना दात गार ठेवावा लागतो, कारण उष्णतेने प्रथिने बिघडतात. बाहेरचे रक्त लागले असेल तर तेही धुऊन काढावे लागते, नाहीतर रक्तातली प्रथिने गराच्या नावावर जमा होतात.

गरातल्या तंतूंचे मुख्य प्रथिन कोलॅजेन. ते थेट तोलता येत नाही, म्हणून त्याची खूण शोधतात. हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये भरपूर आणि इतर बहुतेक प्रथिनांत जवळजवळ नसते. गर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवला की प्रथिनांचे तुकडे होऊन अमिनो आम्ले सुटी होतात. मग विशिष्ट रसायनांनी हायड्रॉक्सिप्रोलिनला तांबूस रंग आणतात आणि तो किती गडद आहे हे प्रकाशमापकाने मोजतात. कोलॅजेनच्या वजनात हे आम्ल साधारण साडेतेरा टक्के असते; म्हणून आलेल्या आकड्याला सुमारे ७.४ ने गुणले की कोलॅजेन मिळते.

पण टक्केवारी कशाची? इथेच उताऱ्यात घोटाळा झाला होता. मुळात होते 'वेट वेट', म्हणजे ओले वजन. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. विद्यार्थिनीला ती छपाईतली द्विरुक्ती वाटली आणि तिने नुसते 'वजन' लिहिले. गरात सुमारे ७५ टक्के पाणी असते. समजा, २० मिलिग्रॅम गरात सव्वा मिलिग्रॅम कोलॅजेन निघाले. ओल्या वजनावर ते सव्वासहा टक्के, पाणी उडवून उरलेल्या ५ मिलिग्रॅमवर तेच २५ टक्के. एक विशेषण गळले आणि आकडा चौपट होण्याची वाट मोकळी झाली.

पुढच्या तासाला तिने 'ओले वजन' लिहून आणले. 'दंतमज्जा' मात्र तशीच ठेवली. गर म्हटले की तिला फणस आठवतो, म्हणे.