मोजणी बरोबर आहे, हे कोण ठरवणार?

समजा, नोंद म्हणते की वस्तीत २० संडास आहेत. मोजणाऱ्याने दारं मोजली, आकडा चुकलेला नाही. पण तिथली बाई सांगते, "पाणी सातांनाच येतं, आणि रात्री तिकडे जायची भीती वाटते." आता सांगा, वस्तीचं ज्ञान कुणाकडे आहे?

१९८५ साली मुंबईत भायखळा भागात 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्यांनाच सोबत घेऊन त्यांची गणना केली. सुमारे ६ हजार कुटुंबं नोंदली गेली. आज इथे, उद्या तिथे, असे समजले जाणारे हे लोक वर्षानुवर्षं तिथेच राहून जवळपास मजुरी करत होते, हे त्यातून पुढे आलं. अहवालाचं नाव होतं 'वी, द इनव्हिजिबल', म्हणजे आम्ही, न दिसणारे.

यादीत नाव नसेल, तर पुनर्वसनात घरही मिळत नाही. म्हणून नकाशा आणि यादी वस्तीत परत न्यायची, मोठ्याने वाचायची, दुरुस्त करायची. तेही एकट्या पुढाऱ्यासमोर नको. तो भाडेकरूंची नावं गाळू शकतो. बायका, भाडेकरू, नव्याने आलेले, सगळ्यांना बोलवा. त्यांना विचारल्याशिवाय पुरावा पुरा होत नाही, मंडळी.