वैमानिकाची झोप आणि संघटनेचा आवाज

22 मे 2010 च्या सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या पठारी धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले. 158 जण मृत्युमुखी पडले. कॉकपिटमधील आवाज टिपणाऱ्या यंत्रावर शेवटचे सुमारे दोन तास नोंदलेले होते. त्यांपैकी दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपेत होते, असे चौकशीत आढळले. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाची निर्णयशक्ती काही काळ मंद असते, याची अहवालाने दखल घेतली. रात्री जाऊन त्याच रात्री परतण्याची ती फेरी होती.

वैमानिक संघटनांविषयी आपल्याकडे जनमत मात्र वेगळ्याच प्रसंगांवरून बनले. 2011 मध्ये एअर इंडियातील संप वेतनातील समानतेसाठी झाला. 2012 चा संप 58 दिवस चालला आणि त्याचे मूळ होते ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणी घ्यावे हा वाद. दोन सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर उरलेली भाऊबंदकीच ती! खोळंबलेल्या प्रवाशांना त्यात सहानुभूतीसारखे काही दिसले नाही, आणि त्यांचे फारसे चुकलेही नाही. 2009 चा प्रसंग मात्र निराळा होता. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांच्यातील दोघांना बडतर्फ केले गेले. मग शेकडो वैमानिक एकाच वेळी 'आजारी' पडले. 1926 च्या कायद्याने दिलेला संघटनेचा हक्क खासगी कंपनीच्या दारात किती टिकतो, हा त्या प्रसंगातला प्रश्न होता.

संघटनांचे सर्वांत मोलाचे काम मात्र संपात नव्हे, न्यायालयात झाले. थकव्याच्या प्रश्नावर त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले: साप्ताहिक विश्रांती 36 ऐवजी 48 तास, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीची विमाने उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर. जून 2024 पासून ते लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली आणि नियम स्थगित झाले. शासकीय सेवेत असताना 'संबंधितांशी विचारविनिमय' हा शेरा मी कित्येक फायलींवर वाचला आहे. विलंब हवा असणाऱ्याला त्याहून सोयीचा शेरा सापडणे कठीण. अखेर न्यायालयासमोर वेळापत्रक मांडले गेले आणि 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले.

पुढे काय झाले, ते डिसेंबर 2025 मध्ये विमानतळांवर अडकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना नेणाऱ्या इंडिगोने नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक सज्ज ठेवले नव्हते. 5 डिसेंबर या एकाच दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. महासंचालनालयाने तिला रात्रपाळीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सूट दिली. संघटनांनी निषेध केला, पण तोवर निर्णय होऊन गेला होता. प्रवाशांचे हाल थांबवणे सरकारला भाग होते, हे मी मान्य करतो. परंतु ज्या कंपनीने तयारी केली नाही तिलाच सूट मिळाली, आणि ज्यांच्या शरीरावर त्या सुटीचा भार पडणार होता त्यांना त्या निर्णयात स्थान नव्हते.

त्याच दिवशी आणखी एक तरतूद मागे घेतली गेली, तीही सर्वच कंपन्यांसाठी. तिची चर्चा फारशी झाली नाही. वैमानिकाने घेतलेली रजा त्याच्या साप्ताहिक विश्रांतीत मोजू नये, असे ती तरतूद सांगत होती. आता घरच्या लग्नासाठी किंवा आईच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेले दोन दिवस कंपनीच्या वहीत 'विश्रांती' म्हणून मांडता येतात, आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या उड्डाणासाठी त्या वैमानिकाला बोलावता येते.