परांची उतरते तेव्हा

सुमारे बारा वर्षांनी कुंभाभिषेकाचा, म्हणजे मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या विधीचा, योग आला, की चेन्नईतील मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचे उत्तुंग गोपुर परांचीने वेढले जाते. कारागीर तीवर चढून शेकडो मूर्तींच्या भेगा बुजवतात, रंग देतात. आणि काम तडीस गेल्यावर दोऱ्या सुटतात, वासे जिथून आले तिथे रवाना होतात. गोपुराच्या वैभवाचे वर्णन करणाऱ्या कोणाच्याही मुखी परांचीचे नाव येत नाही; परंतु तिच्यावाचून तो जीर्णोद्धार झाला नसता. मनुष्याच्या देहात तुटलेला मज्जातंतू पुन्हा जोडण्यासाठी शास्त्रज्ञ गेली काही दशके जी सूक्ष्म जैविक परांची बांधू पाहत आहेत, तिचे मर्म या दृश्यात साठवलेले आहे.

मेंदू आणि पृष्ठरज्जू ही देहाची राजधानी मानली, तर हातापायांच्या सरहद्दीपर्यंत हुकूम पोहोचवणारे आणि तिकडील स्पर्श, उष्णता व वेदना यांची बातमी आणणारे तंतू म्हणजे परिघवर्ती मज्जातंतू होत. यांतील एकेका पेशीचा धागा केसाहून कितीतरी बारीक असूनही कमरेपासून पावलापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर, लांब असू शकतो. 1850 साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू छेदून दाखवले, की छेदापलीकडचा, राजधानीपासून तुटलेला भाग काही दिवसांत विघटित होतो. तथापि त्याचे रिकामे आवरण शिल्लक राहते; त्यातील श्वॉन पेशी मोडतोड साफ करून ओळीने उभ्या राहतात आणि अलीकडच्या टोकाला फुटणाऱ्या कोवळ्या अंकुरांना वाट दाखवतात. हे अंकुर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या संथ गतीने सरकतात. त्यामुळे कोपराजवळ तुटलेल्या तंतूला बोटांपर्यंत पोहोचण्यास वर्ष लागावे यात नवल नाही. आणि एवढा काळ स्नायू स्वस्थ बसत नाहीत. हुकुमाची वाट पाहत ते क्षीण होतात आणि वर्षदीड वर्षानंतर आलेला हुकूम त्यांना बहुधा कळेनासा होतो.

दोन टोके जवळ असतील तर ती टाक्यांनी जोडता येतात. पण मधला तुकडाच नष्ट झाला असेल, तर अंकुर दिशाहीन होऊन स्वतःभोवतीच गुंततात आणि तेथे दुखरी गाठ बनते. यावर आजही सर्वमान्य असलेला इलाज असा, की रुग्णाच्याच पोटरीतील संवेदनावाहक तंतू काढून त्या पोकळीत बसवायचा. इलाज खात्रीचा, पण मोबदला द्यावा लागतोच: पावलाची बाहेरची कड बधिर होते, आणि असा काढण्याजोगा तंतू देहात फार थोडा असतो. एका मुलखाची रसद तोडून दुसरा वसवण्याचाच हा प्रकार.

म्हणून नळीची कल्पना पुढे आली. 1882 साली बेल्जियमच्या व्हान्लेअर यांनी चुना काढून मऊ केलेल्या हाडाची नळी कुत्र्याच्या तुटलेल्या तंतूवर चढवली. पुढे सिलिकोनच्या नळ्या आल्या. त्यांत तंतू वाढे, पण नळी विरघळत नसल्यामुळे कालांतराने ती त्यालाच आवळू लागे. काम झाल्यावर न उतरणारी परांची इमारतीला जाचकच होते. या शतकाच्या आरंभी, 2001 साली, अमेरिकेत मान्यता मिळालेली कोलॅजेनची नळी या दोषातून मुक्त होती: अंकुर पलीकडे पोहोचेपर्यंत टिकावे आणि मग देहातच जिरून जावे, असा तिचा धर्म.

कोलॅजेन हे कातडे, अस्थी आणि स्नायुबंध यांना बळ देणारे प्रथिन. त्याची कथा मैलापूरपासून अड्यार नदी ओलांडली की समोर उभी राहते. नदीपलीकडे 1948 साली केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. जवळच मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन हे भौतिकशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954 साली कोलॅजेनचा रेणू तीन धाग्यांचा असल्याचे मांडले, आणि पुढच्याच वर्षी ते तीन धागे एकमेकांभोवती वळलेले आहेत अशी दुरुस्ती केली. मराठी घरात ज्याला तिपेडी वेणी म्हणतात तिचेच जणू हे सूक्ष्म रूप, आणि या पिळातच कातड्याचा चिवटपणा आहे.

नळी मात्र पोकळ असते, आणि सुमारे तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या अंतरावर पोकळ नळी भरवशाची राहत नाही. आतमध्येही वाट हवी. ती देहातीलच जिनसांतून मिळते, हे भारतातील कुष्ठरुग्णांनी दाखवून दिले. आनंदवनाचे नाव ऐकलेल्या मराठी वाचकाला हे सांगायला नको, की कुष्ठरोगात हातपाय झडतात ते प्रामुख्याने संवेदना गेल्यामुळे: विस्तव कळत नाही, काटा कळत नाही, आणि जखम जखमेवर चढते. अशा 38 रुग्णांमध्ये त्यांचाच स्नायू गोठवून व वितळवून, म्हणजे त्यातील पेशी मारून केवळ आवरणांच्या समांतर नळ्या उरवून, 2.5 ते 14 सेंटिमीटर लांबीचे 48 तुकडे मनगटाच्या व घोट्याच्या तंतूंत बसवण्यात आले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार 34 जणांना संवेदना परत मिळाली, आणि सरासरी सुमारे साडेबारा वर्षांच्या पाहणीत ती टिकली. ज्याला पायाखालचा खडा पुन्हा कळू लागला, त्याला आपण काय परत दिले याचे मोल शब्दांत करता येणार नाही.

हीच समांतर वाट हाताने विणता येईल का, या प्रश्नावर तंजावरच्या ‘शास्त्र’ विद्यापीठातील संशोधक 2009 च्या सुमारापासून लिहीत आले आहेत. विजेच्या दाबाखाली द्रावणाची धार ओढून, एकाच दिशेला लागलेले, देहात जिरणारे अतिसूक्ष्म धागे त्यांनी काढले. मज्जातंतू स्वतः विद्युत्संदेश वाहतो हे ध्यानी घेऊन त्यांत वीजवाहक बहुवारिकही मिसळले. ज्या नगरीत दुसऱ्या सरफोजी या मराठा राजांनी धन्वंतरी महाल चालवला आणि नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे करवून घेतली, तिथेच हे काम व्हावे, याचा मराठी मनाला संतोष वाटल्यावाचून राहत नाही. प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णाच्या हाताला आलेला स्पर्श यांत मोठे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. ते अंतरही असेच, मिलिमीटरामिलिमीटरानेच, कापावे लागेल.

मैलापुरात मृदंग घडवणारे कारागीर आहेत. कातडे ताणून, वाद्या आवळून, ते बोटांनी पुडी चाचपतात आणि कोणत्या कडेला ताण कमी आहे हे कानाआधी त्यांच्या स्पर्शाला उमगते. त्या कातड्यात जे कोलॅजेन आहे तेच, शुद्ध होऊन, एखाद्या जायबंदी बोटातील हरपलेली जाण परत आणणारी परांची होऊ शकते. बरे करणे हे देहाचेच काम; वाट बांधून द्यावी, अंकुर पैलतीरी पोहोचेपर्यंत उभे राहावे आणि मग मुकाट्याने विरून जावे, एवढेच माणसाच्या हाती आहे.