मृत्यूचे पाऊल आणि वाखाचा दोर

हर्नान कोर्तेस 1519 साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर अवघे 16 घोडे होते. पुढे स्पॅनिश अमलात एतद्देशीय रयतेने घोड्यावर बसू नये अशी फर्माने निघाली, परंतु हासिएंदा म्हणविल्या जाणाऱ्या विस्तीर्ण जहागिऱ्यांतील बेसुमार गुरे पायी चालणाऱ्या गुराख्याला आवरेनात, तेव्हा ज्यांना खोगीर वर्ज्य होते त्यांच्याच हाती जहागीरदारांना लगाम द्यावा लागला, आणि त्या निरुपायातून चार्रो हा अश्वारूढ पशुपालक घडला. 1910 च्या क्रांतीनंतर जहागिऱ्या मोडत गेल्या. परंतु कामाबरोबर कसबही लयास जाऊ नये म्हणून 1921 साली मेक्सिको शहरात चार्रोंची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि गुरांमागची ती मेहनत ‘चार्रेरिया’ नामक नियमबद्ध क्रीडा होऊन बसली.

तिचे मैदान कुलपाच्या भोकासारखे असते : 60 मीटर लांबीची गल्ली 40 मीटर व्यासाच्या रिंगणात उघडते. तेथे होणाऱ्या नऊ प्रकारांपैकी ‘पियालेस’मध्ये चौखूर धावणाऱ्या घोडीच्या मागच्या पायांत फास टाकतात. घायपाताच्या वाखाचा तो दोर खोगिराला बांधलेला नसतो. खोगिराच्या पुढील खुंट्यावर वेढे देऊन तो बेताबेताने सोडायचा असतो, कारण एकदम आवळला तर घोडी उलथून पडेल. घर्षणाने खुंट्यावरून धूर निघू लागतो, आणि त्या क्षणी वेढ्यात अंगठा अडकला तर तो हाती राहत नाही.

अखेरचा प्रकार ‘पासो दे ला मुएर्ते’, म्हणजे मृत्यूचे पाऊल. स्वार खोगिराविना आपला घोडा दौडवीत अशिक्षित घोडीच्या बरोबरीस आणतो, तिची आयाळ मुठीत धरतो आणि तिच्या उघड्या पाठीवर झेप घेतो. घोडीला पिटाळणारे तीन स्वार मागे असतातच, त्यामुळे झेप चुकली तर त्यांच्या टापांखाली येण्याचे भय. साधली तरी घोडी शांत होईपर्यंत तिच्या पाठीवर टिकून राहावे लागते.

आठ स्त्रिया एकांगी बैठकीने घोडदौड करतात ती ‘एस्कारामुसा’ही याच परंपरेतली. युनेस्कोने 2016 साली चार्रेरियाचा अमूर्त वारशात समावेश केला. उलटपक्षी या खेळाच्या इतर काही प्रकारांतली दोराने घोडे पाडण्याची रीत क्रूर ठरवून कॅलिफोर्नियाने 1994 सालीच तिला कायद्याने मज्जाव केला होता, आणि मुक्या जनावराचा तो कैवार रास्तच म्हणावा लागेल. जनावराला या खेळात निवड नाही, चार्रोला मात्र आहे. ज्याच्या पूर्वजाने मुकादमाच्या हुकमावरून अंगठा पणाला लावला, तो आज पदरमोड करून, रुंद काठाची टोपी ठाकठीक बसवून, त्याच खुंट्यावर वेढे देतो.