ऊर्ध्व गतीची उदाहरणे आणि चिन्हांचा प्रश्न : अध्यापनाच्या दृष्टीने एक विवेचन

गोषवारा

ऊर्ध्व गतीची उदाहरणे सोडवताना विद्यार्थी सहसा सूत्र विसरत नाहीत. ते धन-ऋण चिन्हांत चुकतात. ही चूक केवळ निष्काळजीपणाची नसते. चिन्ह बदलले की प्रश्नच बदलतो, हे एका उदाहरणाच्या आधारे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : ऊर्ध्व गती, गुरुत्व त्वरण, विस्थापन, चिन्हसंकेत, वर्गसमीकरण.

१. प्रस्तावना

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकसमान त्वरणाच्या गतीचे विवेचन केले. त्याची मांडणी प्रमाण आणि भूमिती यांच्या भाषेत होती. धन-ऋण चिन्हांसह लिहिली जाणारी आजची समीकरणे ही नंतरची सोय आहे. म्हणजेच चिन्ह निसर्गाने दिलेले नसून, अक्षाची दिशा ठरवताना आपण ते स्वीकारलेले असते. हीच गोष्ट वर्गात बहुधा सांगायची राहून जाते. त्याऐवजी 'वर जाताना गुरुत्व त्वरण ऋण, खाली येताना धन' असा सुटसुटीत नियम दिला जातो. प्रस्तुत लेखकानेही अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत हाच नियम फळ्यावर लिहून दिला होता. विद्यार्थ्यांच्या अनेक चुकांचे मूळ या नियमात आहे, हे पुढे उत्तरपत्रिका तपासताना ध्यानात आले.

२. एक उदाहरण

जमिनीपासून ४० मीटर उंच असलेल्या गच्चीच्या कडेवरून एक चेंडू १० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल? गुरुत्व त्वरणाचे मूल्य सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. आकडेमोडीच्या सोयीसाठी ते १० मानू व हवेचा विरोध दुर्लक्षित करू.

गच्ची हा आरंभबिंदू आणि वरची दिशा धन मानली, तर आरंभीचा वेग +१०, त्वरण −१० आणि जमिनीवर पोहोचतानाचे विस्थापन −४० होते. काळ 'क' सेकंद मानल्यास,

−४० = १०क − ५क²

म्हणजेच क² − २क − ८ = ०. याची मुळे ४ आणि −२ ही आहेत. चेंडू ४ सेकंदांनी जमिनीवर पडतो. चढण्याचा व उतरण्याचा प्रवास वेगळा करण्याची येथे गरज पडत नाही. एकच समीकरण संपूर्ण गतीला पुरते.

३. चुकीची उत्तरे कोणत्या प्रश्नांची असतात?

'चेंडू शेवटी खालीच येतो, म्हणून त्वरण धन' असे मानणारा विद्यार्थी ४० = १०क + ५क² असे लिहितो आणि २ सेकंद हे उत्तर काढतो. त्याने खालची दिशा धन मानली, यात काहीच गैर नाही. मात्र आरंभीचा वेगही त्याने धनच ठेवला. त्यामुळे त्याने चेंडू वर न फेकता खाली फेकला आहे. त्या प्रश्नाचे २ सेकंद हे अचूक उत्तर आहे.

दुसरा विद्यार्थी उंची नेहमी धनच असते असे समजून ४० = १०क − ५क² लिहितो. त्यातून क² − २क + ८ = ० मिळते. याचा विवेचक −२८ असल्याने वास्तव मूळ सापडत नाही आणि विद्यार्थी गोंधळतो. वस्तुतः त्याने 'चेंडू गच्चीच्या वर ४० मीटर केव्हा असेल?' असे विचारले आहे. चेंडू गच्चीपासून केवळ ५ मीटर वर जातो. म्हणून 'कधीच नाही' असे गणित प्रामाणिकपणे सांगते.

अशा उत्तरांवर लाल रेघ ओढून गुण कापले, तर विद्यार्थ्याला आपण चुकलो एवढेच कळते. त्याने कोणता प्रश्न सोडवला हे सांगितले, तर समीकरण ही भाषा आहे हे त्याला उमगते.

४. ऋण मूळ

−२ हे मूळ 'काळ ऋण नसतो' असे म्हणून खोडले जाते. परंतु चेंडूची हीच गती मागे वाढवली, तर फेकण्यापूर्वी २ सेकंद तो जमिनीवरून +३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाला असता. ४ सेकंदांनी पडताना त्याचा वेग −३० असतो. सर्वोच्च बिंदू १ सेकंदाला येतो आणि −२ व ४ यांच्या बरोबर मध्यावर असतो. उदाहरणापुरते ते मूळ त्याज्य आहे. पण त्यातून गतीची सममिती दिसते.

५. सर्वोच्च बिंदू आणि 'मंदन'

सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, म्हणून त्वरणही शून्य, ही समजूत सर्वत्र आढळते. त्वरण खरोखर शून्य असते, तर चेंडू तेथेच अधांतरी राहिला असता. दुसरी अडचण शब्दाची आहे. 'ऋण त्वरण म्हणजे मंदन' हे विद्यार्थ्यांच्या मनात शालेय स्तरापासून ठसलेले असते. वरील उदाहरणात त्वरण सतत −१० आहे. तरीही चेंडू चढताना मंदावतो आणि उतरताना वेगवान होतो. वेग व त्वरण यांची चिन्हे विरुद्ध असतील तर चाल घटते, समान असतील तर वाढते, असे सांगणे अधिक योग्य ठरेल.

६. निष्कर्ष

गतीचे दोन भाग करून उत्तर काढण्याची पद्धत चुकीची नाही. १ सेकंद चढण आणि ४५ मीटरची ३ सेकंदांची उतरण मिळून तेच उत्तर येते. पडताळ्यासाठी ती उपयुक्तही आहे. मात्र मूळ पद्धत म्हणून आधी आकृती काढावी, आरंभबिंदू व धन दिशेचा बाण दाखवावा, वेग, त्वरण व विस्थापन यांची चिन्हे लिहावीत आणि त्यानंतरच आकडे घालावेत. दिशा कोणतीही निवडावी, परंतु उदाहरण संपेपर्यंत ती बदलू नये. ही शिस्त प्रथम वर्षात रुजली, तर पुढे प्रक्षेप्य गती आणि विद्युतक्षेत्रातील प्रभारित कणाची गती शिकवताना अध्यापकाला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागणार नाही.